शेडचा कोबा कां फुटतो?

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्ग मागें टाकून उमरग्याच्या दिशेनें निघालें कीं जळकोट लागतें. तुळजापूर तालुक्यांतील या गांवांत आणि भोंवतालच्या वस्त्यांवर हिंडणाऱ्याला एक पालट सहज दिसून येतो. जेथें पूर्वीं बैलांचा गोठा होता, तेथें आतां पुष्कळ ठिकाणीं पत्र्याची शेड आहे आणि तिच्यांत ट्रॅक्टर, ट्रॉली, एखादी मोटारसायकल किंवा चारचाकी उभी असते. शेडच्या तळाला सिमेंट काँक्रीटचा कोबा घातलेला असतो. तो घालतांना मालकाची अशी समजूत असते कीं, एकदां खर्च केला म्हणजे आपल्या हयातींत या जमिनीकडे पुन्हां पाहावें लागणार नाहीं.

ही समजूत बहुधा फार दिवस टिकत नाहीं. दोन-तीन पावसाळे जातात न जातात तोंच कोब्यावर भेगा उमटतात. एका कोपऱ्यांत जमीन खचते, दुसऱ्या बाजूला वर उचलते. पृष्ठभागावरून पांढरी भुकटी सुटूं लागते आणि झाडावें तितकी धूळ वाढतच जाते. मग आरोप सुरू होतात. गवंडी म्हणतो, सिमेंट हलकें होतें. दुकानदार म्हणतो, गवंडी कच्चा होता. मालकाला दोघांचाहि संशय येतो. शेवटीं जुन्या कोब्यावर इंच-अर्धा इंच नवा थर चढविला जातो आणि वर्षभरांत तोहि पापुद्र्यासारखा निघून येतो. दोन वेळां पैसे जातात आणि दुखणें होतें तेथेंच राहतें.

यांत नुसत्या पैशाचाच प्रश्न असता तर गोष्ट वेगळी होती. ट्रॉलीचें चाक काढण्यासाठीं जॅक लावला जातो आणि मनुष्य तिच्याखालीं सरकतो, त्या वेळीं त्या जॅकचा सारा भरवसा खालच्या जमिनीवर असतो. फुटलेल्या, पोकळ झालेल्या कोब्याचा तुकडा अशा वेळीं दबला, तर जॅक कलंडावयास क्षणाचाहि अवधि लागत नाहीं. म्हणून शेडचा कोबा ही शोभेची बाब समजूं नये. तें कामाच्या जागेचें आसन आहे.

कोब्याच्या बहुतेक सर्व दुखण्यांचें मूळ शोधीत गेलें तर शोध एकाच ठिकाणीं येऊन थांबतो, आणि तें ठिकाण म्हणजे पाणी. जेथें पाणी असूं नये तेथें तें मुबलक असतें, आणि जेथें असावें तेथें त्याची चिंगूसपणानें काटकसर केलेली असते. धाराशिव जिल्हा हा अवर्षणाचा प्रदेश. येथें पाण्याची किंमत कोणाला सांगावयास नको. तरीहि कोबा घालतांना पाण्याचा हिशेब नेमका उलटा होतो. तो सुलटा कसा करावा, हें खालपासून वरपर्यंत क्रमानें पाहाणें उपयोगाचें होईल.

प्रथम कोब्याखालची भूमि पाहूं. दख्खनचें पठार सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर आलेल्या लाव्ह्याच्या थरांनीं बनलेलें आहे. त्या काळ्या कातळाची झीज होऊन जी काळी माती तयार झाली, तिच्यांत माँटमोरिलोनाइट या जातीची अतिशय सूक्ष्म चिकणमाती असते. या चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असून त्यांच्यामध्यें पाणी शिरतें. पाणी शिरलें कीं माती फुगते आणि पाणी गेलें कीं आकसते. उन्हाळ्यांत काळ्या रानांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्याच भेगा मिटतात, हें प्रत्येक शेतकऱ्यानें पाहिलेलें असतें. शेतांत जें घडतें तेंच शेडखालींहि घडतें. फरक एवढाच कीं, शेडमध्यें त्या मातीच्या पाठीवर काँक्रीटची ताठ पाटी ठेवलेली असते. माती श्वास घेतल्यासारखी वर-खालीं होते आणि ताठ पाटी वांकूं शकत नाहीं म्हणून तडकते.

त्यांतहि सारी माती एकसारखी हालत नाहीं. शेडच्या मध्यभागीं छपराखालची माती बाराहि महिने बरीचशी एका ओलाव्यावर राहते. कडेची माती मात्र पावसाळ्यांत पागोळ्यांनीं भिजते आणि उन्हाळ्यांत कडकडीत वाळते. म्हणूनच पहिल्या भेगा बहुधा कडेनें आणि भिंतीला समांतर अशा पडतात. ज्याची शेड माळावर, हातभर खालीं मुरूम लागणाऱ्या जागीं आहे, त्याला हा त्रास थोडा होतो. ज्याची शेड काळींत आहे त्याला तो हटकून होतो. तेव्हां एकाच गवंड्यानें, एकाच सिमेंटनें घातलेले दोन कोबे, एक टिकला आणि एक फुटला, यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं.

यावरील उपाय जुन्या लोकांना अनुभवानें ठाऊक होता आणि पुढें शास्त्रानेंहि त्याला पुष्टि दिली. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत काळ्या मातीवर पुष्कळ संशोधन केलें. न फुगणाऱ्या, परंतु अंगीं चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारें एक मीटर जाडीचा थर काळ्या मातीवर दाबून बसविला, तर खालचें फुगणें वर जवळजवळ पोहोंचत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. आपल्याकडील चांगला, थोडा चिकट मुरूम या कामीं येतो. लहान शेडसाठीं एक मीटर खोदणें न परवडलें, तरी निदान दोन-अडीच फूट काळी माती काढून टाकावी आणि मुरमाची भर घालावी. ही भर एकदम ओतूं नये. सहा-सहा इंचांचे थर द्यावेत आणि प्रत्येक थर बेताचें पाणी शिंपून धुम्मसानें किंवा यंत्रानें घट्ट ठोकावा. सैल भर मागाहून दबते आणि तिच्यावरचा कोबा पोकळ राहतो. अशा जागीं हातोडीनें ठोकलें तर खणखणीत आवाज न येतां बद्द आवाज येतो.

मुरमाची भर घातली म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. काळ्या मातींत खणलेला आणि मुरमानें भरलेला खड्डा हा एक प्रकारचा हौदच असतो. त्यांत पावसाचें पाणी शिरलें तर तें लवकर बाहेर पडत नाहीं आणि तळाच्या काळ्या मातीला महिनोन् महिने पाजीत राहतें. म्हणून जोतें भोंवतालच्या जमिनीहून फूटभर तरी उंच असावें, पत्र्याच्या कडेला पन्हळ लावून तिचें पाणी नळीनें दूर सोडावें, आणि भिंतीलगत तीन-चार फुटांची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली पट्टी फरशीनें बांधून काढावी. एवढ्या खर्चानें कडेच्या मातीचें भिजणें-वाळणें पुष्कळ कमी होतें. ज्यांचा कोबा आधींच घालून झाला आहे, त्यांनाहि हा उपाय आज करतां येतो. आणि जुना कोबा वांचविण्याचा याहून स्वस्त उपाय दुसरा नाहीं.

आतां प्रत्यक्ष काँक्रीटकडे वळूं. इंग्लंडांतील लीड्स शहरच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. हिंदुस्थानांत १९१४ सालीं पोरबंदर येथें त्याचें यशस्वी उत्पादन सुरू झालें. त्यापूर्वीं आपल्याकडे चुन्याचें राज्य होतें. चुन्याच्या कोब्याची संवय असलेल्या समाजानें सिमेंट स्वीकारलें, पण त्याचा स्वभाव पुरतेपणीं ओळखला नाहीं. साधा चुना हवेंतील कर्बवायु घेऊन हळूहळू कठीण होतो. सिमेंटचें तसें नाहीं. ‘सिमेंट वाळलें’ असें आपण म्हणतों, परंतु वास्तविक सिमेंट वाळून कठीण होत नसतें. त्याचे कण पाण्याशीं रासायनिक संयोग पावतात, त्यांतून नवे स्फटिक व चिकट द्रव्य तयार होतें आणि तें वाळू-खडीला जखडून दगड बनवितें. पाणी हें येथें कालवण्याचें साधन तर आहेच, पण तें त्या दगडाचा एक घटकहि आहे. तें वेळेआधीं उडून गेलें तर संयोग अर्धवट राहतो आणि मागें राहतो तो कच्चा दगड.

या संयोगाला पाणी लागतें तरी किती? ५० किलोच्या एका पोत्याला रासायनिक संयोगापुरतें सुमारें १२ लिटर पाणी पुरतें. परंतु एवढ्या पाण्यांत मिश्रण हालवितां येत नाहीं, म्हणून कामाच्या सोयीसाठीं अधिक घालावें लागतें. मापानें एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी अशा मिश्रणाला भारतीय मानक संस्थेच्या नियमाप्रमाणें एका पोत्यामागें ३० लिटरहून अधिक पाणी घालूं नये, आणि त्यांत वाळूंत असलेलें पाणीहि धरावयाचें असतें. प्रत्यक्ष कामावर मात्र मिश्रण पातळ असलें कीं तें आपोआप पसरतें आणि मजुरांचे श्रम वांचतात, म्हणून बादलीवर बादली ओतली जाते. पोत्यामागें ४० लिटर पाणी जाणें ही कांहीं विशेष गोष्ट नव्हे.

हें जादा पाणी काय करतें? अमेरिकेंतील डफ अब्राम्स या संशोधकानें १९१८ सालीं हजारों नमुन्यांच्या परीक्षेनंतर हा नियम मांडला कीं, इतर गोष्टी सारख्या असतां काँक्रीटचें बळ सिमेंटच्या मानानें पाणी किती आहे यावर ठरतें. पाणी वाढलें कीं बळ घटतें. कारण सोपें आहे. संयोगांत न खपलेलें पाणी पुढें उडून जातें आणि त्याच्या जागीं केंसाहून बारीक छिद्रांचें जाळें राहतें. त्या छिद्रांतून तेल मुरतें, खालची ओल वर येते, आणि पाणी उडतांना काँक्रीट अधिक आकसून भेगा पडतात. शिवाय पातळ मिश्रणांत खडी खालीं बसते आणि पाणी-सिमेंटची साय वर तरंगते. हीच साय पुढें धूळ होऊन झाडूबरोबर निघते. त्या सायीवरचें पाणी लवकर सुकावें म्हणून कित्येक ठिकाणीं वरून कोरडें सिमेंट भुरभुरून थापीनें घोटतात. पृष्ठभाग त्या दिवशीं आरशासारखा दिसतो, परंतु तो वरवरचा पापुद्रा असतो. योग्य रीत अशी कीं, वर आलेलें पाणी आपोआप नाहींसें होईपर्यंत थांबावें, मग लांकडी रंध्यानें सारखें करावें आणि पाऊल ठेवलें असतां हलका ठसा उमटेल इतपत घट्ट झाल्यावर थापीनें घोटावें.

आतां दुसरी बाजू. जें पाणी मिश्रणांत उधळलें जातें, तेंच पाणी पुढें कोब्याला पाजतांना आंखडलें जातें. सकाळ-संध्याकाळ नळीनें एक सडा मारला आणि तीन दिवसांनीं तोहि बंद केला, असा बहुतेक ठिकाणचा प्रघात आहे. दुपारच्या उन्हांत तो सडा अर्ध्या तासांत उडून जातो. मानकाचें सांगणें असें कीं, साध्या सिमेंटचें काँक्रीट निदान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेंत निदान दहा दिवस सतत ओलें राहिलें पाहिजे. आजकाल राख मिसळलेलें सिमेंट सर्रास विकलें जातें. त्याचा संयोग सावकाश होत असल्यामुळें त्याला दहापासून चौदा दिवस द्यावेत. मुळींच पाणी न पाजलेल्या काँक्रीटचें बळ नीट पाजलेल्या काँक्रीटच्या जवळजवळ निम्म्यावर येतें. म्हणजे पूर्ण पोत्याचे पैसे देऊन अर्ध्या पोत्याचा माल पदरांत पडतो.

एखाद्या शेडचा हिशेब करून पाहावा. १२ फूट रुंद, २० फूट लांब आणि पांच इंच जाड कोब्याला १०० घनफूट काँक्रीट लागतें आणि सुमारें २० पोतीं सिमेंट जातें. पोत्यामागें ३० लिटर धरले तर ६०० लिटर पाणी पुरे. ४० लिटर घातले तर ८०० लिटर लागतात. म्हणजे २०० लिटरचें एक पूर्ण पिंप केवळ कोबा बिघडविण्यासाठीं खर्च होतें. आतां कोबा पाजण्याचा विचार करूं. कडेनें मातीचे बांध घालून इंचभर पाणी भरून ठेवलें तर साडेपांचशें लिटरांच्या वर पाणी लागतें. शिवाय उन्हाळ्यांत उघडें पाणी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उडतें, आणि तें भरून काढण्यास रोज आणखी दोनशें लिटर लागतात. टंचाईच्या दिवसांत हें शक्य नसतें, हें खरें. परंतु ओलें गोणपाट अंथरून त्यावर प्लास्टिकचा कागद कडेपर्यंत दाबून घातला, तर वाफ बाहेर जात नाहीं. रोज कागदाचें एक टोक उचलून पाहावें आणि गोणपाट सुकलें असेल तेथें दोन बादल्या पाणी शिंपावें, एवढेंच काम उरतें. मिश्रणांतून वांचविलेल्या त्या एका पिंपावर या कामाचा मोठा वांटा भागतो.

त्याच कारणासाठीं कामाचा हंगामहि निवडावा. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत कोबा घालण्यापेक्षां दिवाळीनंतर घालावा. त्या वेळीं खालच्या मातींत मध्यम ओलावा असतो, हवा सौम्य असते आणि विहिरींत पाणीहि असतें. नव्या कोब्यावर एक-दोन दिवसांनीं चालावयास हरकत नाहीं. पण भरलेली ट्रॉली २८ दिवसांपूर्वीं उभी करूं नये.

जाडी व जोड यांविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. मोटारीपुरता चार इंच कोबा पुरतो. ट्रॅक्टर व भरलेली ट्रॉली यांसाठीं पांच ते सहा इंच धरावा. काँक्रीट कितीहि चांगलें केलें तरी तें थोडेंफार आकसतेंच. तेव्हां भेग पडणार हें गृहीत धरून ती सरळ रेषेंत कशी पडेल एवढें पाहाणें शहाणपणाचें. त्यासाठीं आठ ते दहा फुटांच्या चौकोनांत कोबा विभागावा. पट्ट्या लावून भाग पाडावेत किंवा दुसऱ्या दिवशीं यंत्रानें जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खांच कापावी. खांबाभोंवतीं व भिंतीलगत कोबा मोकळा ठेवावा, म्हणजे भिंत आणि जमीन एकमेकींना ओढीत नाहींत. सळईची जाळी घातली म्हणजे भेग पडत नाहीं अशी एक समजूत आहे. जाळी भेग पडूं देते, पण तिला फांकूं देत नाहीं. आणि तेंहि ती कोब्याच्या वरच्या तिसऱ्या भागांत उचलून धरलेली असेल तरच. तळाशीं पायाखालीं दाबली गेलेली जाळी विशेष उपयोगी पडत नाहीं.

चांगला झालेला कोबा सांभाळणें हें त्या मानानें सोपें काम आहे. इंजिनाचें तेल सांडलें तर तें लगेच लांकडाच्या भुशानें किंवा राखेनें टिपावें. जेथें थेंब नेहमीं पडतो तेथें पत्र्याचा ट्रे ठेवावा. बॅटरींतील आम्ल काँक्रीटचा कट्टा वैरी आहे. बॅटरी उतरवून ठेवावयाची तर लांकडाच्या फळीवर ठेवावी. आम्ल सांडलेंच तर त्यावर खाण्याचा सोडा टाकून भरपूर पाण्यानें धुवावें. फार थोड्यांच्या ध्यानांत येणारी गोष्ट म्हणजे खताचीं पोतीं. अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांसारखीं खतें ओलीं होऊन कोब्यांत मुरलीं तर तीं काँक्रीट आंतून पोखरतात. म्हणून खताचीं पोतीं प्लास्टिक घातलेल्या फळ्यांवर रचावीत. गुळाचेंहि तसेंच आहे. जुने कारागीर चुन्यांत गूळ घालीत आणि चुन्याला तो मानवे. सिमेंटला मात्र साखरेचा अंश मानवत नाहीं. ओल्या मिश्रणांत गेला तर सिमेंट वेळेवर घट्ट होत नाहीं आणि तयार कोब्यावर काकवी झिरपत राहिली तर पृष्ठभाग खाल्ला जातो. नांगर, रोटाव्हेटर हीं अवजारें जुन्या टायरवर किंवा फळीवर टेकवावीत आणि जॅकखालीं नेहमीं जाड, रुंद फळी द्यावी.

राहिला प्रश्न फुटलेल्या कोब्याचा. येथें घाईनें थर चढविण्याआधीं निदान झालें पाहिजे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनें खूण करून शेजारीं तारीख लिहावी, आणि भेगेची रुंदी एकदां मे महिन्यांत व एकदां सप्टेंबरांत मोजावी. रुंदी ऋतूप्रमाणें बदलत असेल तर खालची माती हालते आहे. अशी भेग सिमेंटनें भरली तर ती शेजारींच पुन्हां फुटेल. तींत डांबर किंवा रबरासारखें ताणणारें सीलंट भरावें आणि पागोळ्यांचें पाणी दूर काढण्याचा उपाय आधीं करावा. रुंदी वर्षभर तेवढीच राहिली तर भेग मेलेली आहे असें समजावें. ती साफ करून सिमेंट किंवा इपॉक्सीनें भरतां येते. हातोडीनें ठोकून जेथें बद्द आवाज येतो, तो चौकोन पूर्ण उचलून काढावा, खालीं मुरूम पुन्हां ठोकावा आणि तेवढाच भाग नव्यानें घालावा. खचलेल्या कोब्यावर चढविलेला थर म्हणजे मोडक्या हाडावर बांधलेलें रेशमी वस्त्र होय.

कोबा घट्ट आहे, फक्त धूळ सुटते, अशी तक्रार असेल तर सोडियम सिलिकेट, म्हणजे ज्याला काचेचें पाणी म्हणतात तें, उपयोगी पडतें. कोबा स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावा आणि एक भाग सिलिकेटांत चार भाग पाणी मिसळून एक-एक दिवसाच्या अंतरानें तीन हात द्यावेत. तें काँक्रीटमधील चुन्याशीं संयोग पावून छिद्रें बुजवितें. त्यानें कच्चा कोबा पक्का होत नाहीं, परंतु बऱ्यापैकीं कोब्याचें आयुष्य वाढतें.

वरून नवा थर घालावयाचाच असेल तर तो दीड-दोन इंचांहून पातळ नसावा. जुन्या पृष्ठभागाला सर्वत्र टाचे मारून खडी उघडी करावी, तेलाचा अंश राहूं देऊं नये. रात्रभर भिजवून साचलेलें पाणी पुसून घ्यावें, सिमेंटचें दाट कालवण झाडूनें चोळावें आणि तें ओलें असतांनाच नवा थर घालावा. खालीं जेथें जोड असेल तेथेंच वरहि जोड ठेवावा. न ठेवल्यास खालची भेग वर आपली वाट काढतेच. आणि हा थर पातळ असल्यामुळें त्याला पाणी पाजण्याची गरज अधिकच असते.

इपॉक्सीचा चकचकीत रंग शहरांतील गॅरेजमध्यें पाहून पुष्कळांना मोह पडतो. तो तेलाला दाद देत नाहीं हें खरें, परंतु खालून ओल येत असेल तर तो फोडासारखा फुगून निघतो. याची परीक्षा स्वस्त आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें बंद करावा आणि निदान सोळा तासांनीं उचलून पाहावा. खालीं दंव साचलें असेल किंवा काँक्रीट काळपट ओलें दिसलें तर रंगाचा बेत सोडून द्यावा. सणासुदीला अंगणांत रंग भरतात तो वेगळा. येथें ओल्या जमिनीवर रंग टिकत नाहीं.

ज्यांची शेड निव्वळ काळींत आहे आणि मुरमाची मोठी भर परवडत नाहीं, त्यांनीं अखंड कोब्याचा आग्रह धरूं नये. कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबादची फरशी या भागांत पिढ्यान् पिढ्या घरांतून वापरांत आहे. ठोकलेल्या मुरमावर जाड शहाबादी फरशी बसविली तर जमीन हालली तरी सांधेच तेवढे हालतात. एखादी फरशी बसकी झाली तर ती उचलून पुन्हां सारखी करतां येते. किंवा चाकांखालीं दोन-दोन फूट रुंदीच्या दोनच पट्ट्या काँक्रीटच्या घालाव्यात आणि मधल्या जागेंत मुरूम ठेवावा. सिमेंट निम्म्याहून कमी लागतें, गळलेलें तेल मुरमांत पडतें आणि तेवढा मुरूम बदलला कीं झालें.

जळकोटापासून जवळच नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर १६१३ सालीं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं, बांधलेला बांध आहे. त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. पुराचें पाणी डोक्यावरून जातें आणि आंत मनुष्य उभा राहूं शकतो. चारशें वर्षें नदी अंगावर घेणारें तें बांधकाम आणि तीन वर्षांत फुटणारा शेडचा कोबा यांच्यामधलें अंतर केवळ सामानाचें नाहीं. पाण्याला कोठून वाट द्यावी आणि कोठें अडवावें, हें तेथें आधीं ठरलेलें होतें आणि मग दगड बसले होते.

शेडच्या मालकाला एवढा मोठा विचार करण्याचें कारण नाहीं. कामाच्या दिवशीं सकाळीं त्यानें मिश्रणाजवळ एक मोजलेली बादली ठेवावी आणि एका पोत्यामागें किती बादल्या गेल्या हें स्वतः उभें राहून मोजावें. संध्याकाळीं गोणपाट आणि प्लास्टिकचा कागद तयार ठेवावा. मिश्रणांतून वांचलेलें तें एक पिंप पुढचे दहा दिवस कोब्याच्या अंगावर खर्च करावें, आणि पहिला पाऊस येण्यापूर्वीं पागोळ्यांचें पाणी जोत्यापासून दूर काढावें. एवढें केलें तर जॅक लावून ट्रॉलीखालीं सरकणाऱ्या माणसाला खालच्या जमिनीची काळजी करावी लागणार नाहीं.